काजळी, डिंक आणि काळी रेघ

‘काळी शाई’ या शब्दात एक गंमत आहे. फारसीत ‘सियाह’ म्हणजे काळा आणि ‘सियाही’ म्हणजे काळेपणा. ही सियाही दख्खनच्या दप्तरांतून फिरत फिरत मराठीत आली आणि तिची शाई झाली. म्हणजे आपण ‘काळी शाई’ म्हणतो तेव्हा ‘काळा काळेपणा’ म्हणत असतो. आणि ‘निळी शाई’ म्हणतो तेव्हा तर चक्क ‘निळा काळेपणा’! शाईच्या शेजारी बसणारी दौत आणि कलम ही मंडळी अरबीतून आली, कागद फारसीतून आला. बोरू तेवढा आपल्या ओढ्याकाठचा.

शब्द कुठूनही येवोत, शाईपुढचा प्रश्न मात्र जुनाच आहे. रेघ काळीभोर काढली खरी. पण नंतर तिच्यावर पाणी पडलं, रंगाचा हात फिरला, तर ती जागेवर राहील का? चित्रकलेच्या परीक्षेला बसणारी शाळकरी मुलं, घराचा आराखडा काढणारा तरुण, मार्करनं फलक रंगवणारा पेंटर, सगळ्यांना हा प्रश्न पडतो. दुकानात ‘वॉटरप्रूफ’, ‘परमनंट’, ‘ड्रॉइंग इंक’ अशी लेबलं लावलेल्या बाटल्या रांगेनं उभ्या असतात. त्यातली कुठली घ्यायची? लेबल वाचून याचं उत्तर अर्धवटच मिळतं. बाकीचं अर्धं शाईच्या इतिहासात आहे.

सुरुवात आमच्या धाटावपासून करू. रोह्याजवळचं, कुंडलिकेच्या खोऱ्यातलं हे गाव आज ओळखलं जातं ते औद्योगिक वसाहतीमुळं. इथं रसायनांचे कारखाने आहेत. १९५१ साली पुण्यात स्थापन झालेल्या सुदर्शन केमिकल या कंपनीचा कारखाना इथंच आहे आणि तिथं रंगद्रव्यं तयार होतात. २०२५ साली याच कंपनीनं जर्मनीतल्या हॉयबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसाय विकत घेतला. जगभरच्या मोटारींवर, प्लास्टिकवर, छापील कागदावर जे रंग दिसतात, त्यांच्या धंद्यात धाटाव हे नाव असं जाऊन बसलं आहे.

या धंद्यातल्या माणसाला एक फरक पहिल्याच दिवशी शिकावा लागतो. रंग दोन जातींचे असतात. एक रंजक, म्हणजे डाय. चहात साखर विरघळावी तसा तो पाण्यात विरघळतो आणि वेगळा म्हणून उरत नाही. दुसरं रंगद्रव्य, म्हणजे पिग्मेंट. गेरू पाण्यात कितीही कालवला तरी विरघळत नाही, थोड्या वेळानं तळाशी बसतो, तसं हे. त्याचा कण कणच राहतो. फाउंटन पेनात भरायची नेहमीची काळी शाई बहुधा रंजकाची असते. म्हणून वहीवर पाण्याचा थेंब पडला की अक्षराला जांभळी-निळी झालर फुटते. चित्रकाराची काळी शाई रंगद्रव्याची असते. आणि ते रंगद्रव्य म्हणजे काय, तर काजळी.

काजळीइतकं इमानी द्रव्य दुसरं नाही. ती शुद्ध कोळसा. उन्हानं विटत नाही, पाण्यात विरघळत नाही, आम्लानं बिघडत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर जो काळा दिसतो, तो काजळीचाच. आपल्याकडे शाई करण्याची रीत साधी होती. तेलाचा दिवा लावायचा, वर मातीचं किंवा तांब्याचं भांडं पालथं धरायचं, जमलेली काजळी खरवडून बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घालायची आणि खलत बसायचं. जितकं खलावं तितकी शाई उतरते. खलण्याला एवढं महत्त्व का, तेही आता कळलं आहे. काजळीचा एकेक कण केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढा असतो. पण हे कण एकमेकांना चिकटून गोळे करतात. खलल्यानं गोळे फुटतात आणि प्रत्येक कणाभोवती डिंकाचं अस्तर बसतं.

इथंच शाईची खरी मेख आहे. काजळी सगळीकडे एकच. फरक पडतो तो तिला धरून ठेवणाऱ्या चिकट पदार्थामुळं. बाळाच्या डोळ्यात घालायचं काजळ म्हणजे काजळी आणि तूप. ते पाण्यानं जात नाही, तेलाच्या बोटानं निघतं. शाई म्हणजे काजळी आणि डिंक. तिला तेलाचं भय नाही, पाण्याचं आहे. म्हणजे रेघ किती काळी हे काजळी ठरवते, आणि रेघ कशापुढे हार खाईल हे चिकट पदार्थ ठरवतो. काळ्या शाईचा सगळा इतिहास म्हणजे हा चिकट पदार्थ बदलत गेल्याचा इतिहास आहे.

पहिलं आणि सर्वांत मोठं युग डिंकाचं. डिंकाची शाई ओल्या बोटानं पुसता येते, हा तेव्हा दोष मानला जात नव्हता. उर्दू-फारसी शिकणारी मुलं लाकडी तख्तीवर मुलतानी मातीचा लेप देत, तो वाळला की बोरूनं कित्ता गिरवत आणि संध्याकाळी तख्ती धुऊन टाकत. धुतली जाते म्हणूनच ती शाई कामाची. शिकणाऱ्याला माफ करणारी शाई होती ती. कातिब दौतीत रेशमाचा किंवा कापसाचा बोळा ठेवत, म्हणजे कलमाच्या टोकाला बेताचीच शाई लागे. आमच्या घरी माझ्या लहानपणी एकाच दौतीत दोन कलमं बुडत. एक उजवीकडून डावीकडे चालायचं, दुसरं डावीकडून उजवीकडे. शाईनं कधी कुणाला भाषा विचारली नाही.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. बोरू कसे निवडावेत, ते कसे तासावेत, कागदाच्या चारी बाजूंना जागा का सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इतकं बारीक त्यांनी सांगितलं आहे. दासबोधाचं लेखन ज्या शिवथरघळीत झालं असं परंपरा मानते, ती आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाड तालुक्यात आहे. पावसाळ्यात त्या घळीसमोर धबधबा कोसळत असतो. अशा ओल्या हवेत डिंकाच्या शाईनं लिहिणाऱ्या माणसाला कागद राखण्याची चिंता किती असेल, हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

त्या शाईला साथ होती कागदाची. जुन्नरचा कागद, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद ही नावं इतिहासात आहेत. कागजी हे मुसलमान कारागीर. कागदाला खळ द्यायची, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा, अशी त्यांची रीत. घोटलेल्या कागदावर शाई पसरत नाही, वर तरते आणि रेघेची कड स्वच्छ राहते. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही वाचता येतात, त्यात जितका हात काजळीचा आहे, तितकाच या घोटणाऱ्या हातांचा. आजही मार्करची रेघ स्वस्त कागदावर फुटते आणि चांगल्या कागदावर फुटत नाही, त्याचं कारण हेच. खळ कमी, घोटाई कमी.

दुसरं युग तेलाचं, म्हणजे छपाईचं. उकळून दाट केलेल्या तेलात काजळी घोटली की छापखान्याची शाई होते. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता ही विद्या आत्मसात केली, स्वतः यंत्र जुळवलं, शाई तयार केली आणि १८३१ साली मराठी पंचांग छापलं. छापलेला कागद सोवळ्यात चालेल का, शाईत चरबी तर नसेल, अशी शंका तेव्हा लोकांना होती. त्यावर तोडगा म्हणून शाईत तूप वापरलं गेल्याची हकीकत आपल्या मुद्रणाच्या इतिहासात सांगितली जाते. बघा, वाद काळेपणाचा नव्हताच. काजळी कशात कालवली, याचा होता.

तिसरं युग लाखेचं, आणि चित्रकाराच्या दृष्टीनं हे सर्वांत महत्त्वाचं. एकोणिसाव्या शतकात इंजिनिअर आणि सर्वेक्षक शाईनं नकाशा काढत आणि मग त्यावर जलरंगाचा पातळ हात देत. विटांचं बांधकाम तांबूस, पाणी निळं. डिंकाच्या शाईवर ओला ब्रश फिरला की रेघ सुटून सगळा नकाशा काळपट व्हायचा. त्यावर उपाय सापडला लाखेत. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर जगणाऱ्या किड्याचा स्राव, आणि ती मुख्यतः हिंदुस्थानातून जगभर जायची. लाख साध्या पाण्यात विरघळत नाही. पण गरम पाण्यात टाकणखार घातला की विरघळते. या पाण्यात काजळी कालवली, रेघ काढली आणि ती वाळली की तिच्यावर लाखेचं पातळ चकचकीत कवच राहतं. मग वर जलरंग खुशाल लावा. इंग्रज या काळ्या शाईला ‘इंडियन इंक’ म्हणतात, फ्रेंच तिलाच चिनी शाई म्हणतात. काजळीची शाई चीनमध्येही फार जुनी, त्यामुळं दोघंही आपापल्या परीनं बरोबर आहेत. पण बाटलीतल्या जलरोधक शाईत आपल्या जंगलातली लाख होती, एवढा मान तरी आपण घ्यायला हरकत नाही.

महाराष्ट्रात ही शाई घरोघर पोचली ती स्वदेशीच्या लाटेत. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकर यांनी भावाबरोबर दांडेकर आणि कंपनी काढली. ‘हॉर्स ब्रँड’ नावाची शाईची पूड आणि गोळ्या हा सुरुवातीचा माल. पुढं ‘कॅमल इंक’ आली आणि त्या दोन शब्दांतून ‘कॅमलिन’ हे नाव जन्माला आलं. आमच्या पिढीचे रंग, कंपासपेट्या आणि ड्रॉइंग इंकच्या बाटल्या याच नावाच्या. २०११ साली जपानची कोकुयो कंपनी तिच्यात आली. आज तिचा एक कारखाना आपल्याच जिल्ह्यात, पाताळगंगेला आहे.

त्याच काळात मराठी मासिकं आणि दिवाळी अंक बहरले. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केलं. रघुवीर मुळगावकरांची चित्रं घराघरांत लागली. १९६० साली ‘मार्मिक’ निघालं आणि बाळासाहेब ठाकरे यांच्या कुंचल्याची रेघ लोकांच्या ओळखीची झाली. कथेतली रेखाचित्रं तेव्हा जस्ताच्या ठोकळ्यावरून छापत. ठोकळा करताना चित्राचा फोटो काढला जायचा आणि त्या फोटोला काळा आणि पांढरा एवढंच कळायचं. राखाडी रेघ म्हणजे तुटकी रेघ. म्हणून चित्रकार फिक्या निळ्या पेन्सिलीनं कच्चं रेखाटन करत, कारण तो निळा कॅमेऱ्याला दिसत नसे, आणि वर गडद काळ्या ड्रॉइंग इंकनं पक्की रेघ ओढत. चूक झाली तर पांढरा पोस्टर कलर लावून झाकत. खालची शाई पक्की नसेल तर पांढऱ्यात काळं मिसळून राखाडी चिखल व्हायचा. लाखेनं ती अडचण सोडवली होती.

मग आले मार्कर. फेल्टच्या टोकाचे मार्कर १९५०च्या दशकात अमेरिकेत खपू लागले आणि पुढं जपान्यांनी त्यांचे नाना प्रकार केले. यांतले बरेच स्पिरिटवर, म्हणजे अल्कोहोलवर चालतात. आणि लाखेचं वैर नेमकं स्पिरिटशी आहे. हे कुठल्याही सुताराला विचारा. लाखेची चपडी तो स्पिरिटमध्येच भिजवतो आणि मग लाकडाला पॉलिश करतो. जी लाख पाण्यापुढं भिंतीसारखी उभी राहते, ती स्पिरिटपुढं वितळते. म्हणून बाटलीवर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेल्या शाईची रेघ स्पिरिटच्या मार्करखाली पसरू शकते. बाटलीनं फसवलेलं नसतं. तिनं पाण्याचं वचन दिलेलं होतं, स्पिरिटचं दिलेलंच नव्हतं.

गंमत पुढं आहे. डिंक स्पिरिटमध्ये विरघळत नाही. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांची काजळी-डिंकाची शाई पाण्यापुढं नमते. पण ती पूर्ण वाळलेली असेल तर आजच्या स्पिरिट-मार्करपुढं लाखेच्या शाईपेक्षा ताठ उभी राहते. सगळ्यांत जुनी शाई आणि सगळ्यांत नवा मार्कर यांचं असं जमतं. तैलरंगाखालीही ती राहते, कारण तेलाशी तिचं भांडण नाही.

चौथं युग आपलं, ॲक्रिलिकचं. ॲक्रिलिक हे एक प्रकारचं प्लास्टिक. पाण्यात त्याचे थेंब तरंगत असतात. पाणी उडून गेलं की थेंब एकमेकांना चिकटतात, पापुद्रा धरतो आणि तो पुन्हा पाण्यात जात नाही. ॲक्रिलिकची काळी शाई जलरंग, पोस्टर कलर, पाण्याचे मार्कर या सगळ्यांखाली चालते. स्पिरिटचा हलका हातही बहुधा सोसते. फार घासलं तर नरम पडते. १९८२ साली जपानच्या साकुरा कंपनीनं रंगद्रव्याची ‘पिग्मा’ शाई आणली. तेव्हापासून बारीक टोकाच्या, काजळीसारख्या रंगद्रव्यानं भरलेल्या पेनांची रांग लागली आहे. रेघ काढून ती वाळू दिली, तर ही पेनं मार्करशी बरी नांदतात. उलट जाड काळा परमनंट मार्कर स्वतःच स्पिरिटचा. त्याची रेघ जलरंगाखाली छान राहते आणि दुसऱ्या स्पिरिट-मार्करखाली फुटते.

या सगळ्यातून नियम एकच निघतो. जे ज्यात विरघळून आलं, ते वाळल्यावर पुन्हा त्यात विरघळेल का, एवढं विचारायचं. आणि त्याआधी हेही, की या रेघेवर पुढं काय पडणार आहे? जलरंग पडणार असेल तर लाख किंवा ॲक्रिलिक. स्पिरिटचा मार्कर पडणार असेल तर लाख टाळावी. वर दाट पोस्टर कलर येणार असेल तर रेघ झाकलीच जाणार, तेव्हा ती शेवटी आणि ब्रशनं काढावी, कारण त्या खडूसारख्या थरावर निब रुतते. लाखेची आणि ॲक्रिलिकची शाई फाउंटन पेनात कधी भरू नये. आत वाळली की पेन गेलं. टाक आणि ब्रशही वापरल्यावर लगेच धुवावेत. आणि नवी बाटली आणली की त्याच कागदाच्या तुकड्यावर चार रेघा ओढाव्यात, एक दिवस वाळू द्याव्यात, मग एकीवरून ओला ब्रश, दुसरीवरून मार्कर, तिसरीवरून रंग फिरवून पाहावा. चौथी तशीच ठेवावी, पडताळ्याला. एवढी परीक्षा लेबलापेक्षा खरं बोलते.

मग ॲक्रिलिक सर्वांत पक्कं, तेव्हा ते सर्वांत चांगलं, असं म्हणायचं का? माझ्या मते नाही, आणि त्याचं उत्तर रोह्याहून पेणला गेलात की मिळेल. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्ती घडतात आणि देशापरदेशांत जातात. मूर्ती घडते, पांढरा हात बसतो, रंग चढतो, आणि सर्वांत शेवटी होते ती डोळ्यांची आखणी. काळ्या रंगाची एक बारीक रेघ. हा हात प्रत्येकाला येत नाही. कारखान्यात आखणी करणारा वेगळा, त्याचा मान वेगळा. या रेघेवर पुढं दुसरा कुठला रंग पडायचा नसतो. तिच्यावर पडायचं असतं ते फक्त विसर्जनाचं पाणी. शाडूची मूर्ती पाण्यात विरावी, तशी ती रेघही विरावी अशीच अपेक्षा असते. तिथं न विरघळणारा काळा हा गुण होत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मूर्तिविसर्जनाबद्दल २०१० साली आणि सुधारून २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत विषारी रंग टाळून नैसर्गिक, निरुपद्रवी रंग वापरा असं सांगितलं, ते याचसाठी. तख्तीवरची शाई आणि मूर्तीच्या डोळ्यातली रेघ, दोघींचा धर्म एकच. काम झालं की पाण्याला परत जायचं.

आणि काही कागदांचा धर्म याच्या नेमका उलटा असतो. २००५ च्या जुलैत आणि पुन्हा २०२१ च्या २२ जुलैला महाडमध्ये पुराचं पाणी घराघरांत शिरलं. अशा पुरानंतर कोकणातली माणसं ओट्यावर, दोरीवर, गॅसच्या उबेला कागद वाळत घालतात. खरेदीखतं, निकाहनामे, दाखले, वडिलांची पत्रं. त्यात निळ्या रंजकाच्या शाईचं अक्षर वाहून गेलेलं असतं, सही नुसता डाग झालेली असते. काजळीची रेघ बहुधा दिसत असते. तिचा डिंक भिजून सैल झालेला असतो; पण काजळी तंतूंत अडकून बसलेली असते. म्हणून असा भिजलेला जुना कागद चुकूनही पुसू नये, चोळू नये. टीपकागदावर आडवा ठेवून सावलीत वाळू द्यावा. पूर जे नेत नाही, ते आपला घाईतला हात नेतो.

तेव्हा मुलांनो, आणि मुलांच्या पालकांनो, दुकानात गेलात की ‘काळी शाई द्या’ एवढंच म्हणू नका. दुकानदाराला सांगा की हिच्यावर मला जलरंग द्यायचा आहे, किंवा मार्कर फिरवायचा आहे, किंवा हा कागद पन्नास वर्षं ठेवायचा आहे. त्याला उत्तर येत नसेल तर छोटी बाटली घ्या आणि घरी चार रेघा ओढून बघा. काळा रंग सगळ्या बाटल्यांत सारखाच दिसतो. तो कशापुढं टिकेल आणि कशापुढं विरेल, ते ठरवून मगच रेघ ओढावी.